व्हिडिओ स्पर्धेत आयडिया भारी असूनही एन्ट्री का पडते, आणि ती पडू नये म्हणून काय करायचं

एकदा एका छोट्या व्हिडिओ स्पर्धेच्या पहिल्या चाळणीला मी बसलो होतो. आम्ही तिघं, एक लॅपटॉप, आणि बघायचे सत्तरच्या वर व्हिडिओ. पहिले दहा-बारा अगदी मन लावून बघितले, नोंदी काढल्या, वाद घातले. तिसाव्यापर्यंत येता येता आमची भाषाच बदलली, "अरे याचं बोलणं कळतच नाहीये", "तोंड काळं दिसतंय नुसतं", जाऊ दे, पुढचा लाव. त्यातला एक व्हिडिओ अजून डोक्यात आहे. शेवटी एक म्हातारे गृहस्थ एकच वाक्य बोलतात आणि त्या वाक्यावर सगळी गोष्ट उलटी फिरते. हे आम्हाला कळलं कधी, तर खाली लिहिलेलं वर्णन नंतर वाचलं तेव्हा. व्हिडिओत ते वाक्य पंख्याच्या घरघरीत गेलं होतं. तोपर्यंत मार्क देऊन झाले होते.

त्यामुळे "आयडिया चांगली असली की बस, क्वालिटीचं काय एवढं" असं कोणी म्हणालं की मला ते गृहस्थ आठवतात. परीक्षक काही क्वालिटीला स्वतंत्र भाव देतात म्हणून ती महत्त्वाची असं नाहीये (काही स्पर्धांमध्ये तांत्रिक बाजूला वेगळे मार्क असतातही, नियमावलीत वाटणी दिलेली असते ती बघून घ्या), खरी भानगड अशी की आवाज-उजेड खराब असला तर तुमची आयडिया समोरच्यापर्यंत पोचतच नाही, आणि न पोचलेल्या आयडियाला मार्क कोण देणार.

आणि हे नुसतं माझं मत नाही बरं का. २०१८ साली सायन्स कम्युनिकेशन या जर्नलमध्ये एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ यांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी शास्त्रज्ञांची तीच भाषणं, तेच शब्द, लोकांना ऐकवले, फक्त काहींना स्वच्छ आवाजात आणि काहींना बिघडवलेल्या आवाजात. खराब आवाज ऐकलेल्यांना भाषण तर फालतू वाटलंच, पण बोलणारा माणूस कमी हुशार वाटला आणि त्याचं संशोधनही कमी महत्त्वाचं वाटलं. म्हणजे बघा, आवाज खराब आहे असं वेगळं काढून कोणी बाजूला ठेवत नाही, तो सगळा राग मजकुरावर निघतो, आणि निघतोय हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. परीक्षकही माणूसच.

आता क्वालिटी म्हटलं की लोक थेट कॅमेऱ्याच्या गप्पा सुरू करतात. कुठला घेऊ, लेन्स कुठली, फोरके पाहिजे का. अहो, २०१५ च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आयफोन ५एस वर शूट केलेला पूर्ण लांबीचा सिनेमा दाखवला गेलाय, आणि आज कुठल्याही बऱ्या फोनचा कॅमेरा त्याच्यापेक्षा पुढे आहे. दुसरं उदाहरण डोरिटोस या चिप्सवाल्यांच्या सुपर बोलवाल्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) जाहिरात स्पर्धेचं. २००६ ते २०१६ या काळात ती स्पर्धा चालली, सामान्य लोकांनी बनवलेल्या जाहिराती थेट सामन्याच्या वेळी टीव्हीवर लागायच्या, आणि २००९ मध्ये दोन भावांनी बनवलेली जाहिरात यूएसए टुडे या वर्तमानपत्राच्या ॲड मीटरमध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या पसंतीच्या यादीत, पहिली आली, मोठमोठ्या एजन्सींना मागे टाकून. पण हेही लक्षात घ्या की ती त्या महागड्या जाहिरातींच्या शेजारी, त्याच पडद्यावर लागणार होती. तिथे "घरी बनवलीय, सांभाळून घ्या" चालत नाही. चकचकीत नसली तरी चालेल, पण ऐकू यायला हवं, दिसायला हवं, मध्येच कुठे डोळ्याला किंवा कानाला खडा लागायला नको. माझ्या लेखी क्वालिटी म्हणजे एवढंच.

तर आता कामाचं. मी ज्या क्रमाने सांगतोय त्या क्रमानेच वेळ घालवा, कारण बहुतेक जण नेमका उलटा घालवतात.

सगळ्यात आधी नियम, आणि शूटच्या आधी, अपलोड करताना नाही. व्हिडिओ आडवा की उभा, कमाल लांबी किती, टायटल आणि श्रेयनामावली त्या लांबीत धरायची का, फाईल द्यायची की लिंक, सबटायटल कुठल्या भाषेत. उभा व्हिडिओ मागितलेला असताना आडवा शूट केला की मग बाजू कापून १०८० बाय १९२० पिक्सेल करायचा, त्यात अर्धी माणसं फ्रेमच्या बाहेर जातात. ४८ अवर फिल्म प्रोजेक्टसारख्या, ४८ तासांत फिल्म बनवायची असते अशा ठिकाणी तर नियम म्हणजेच स्पर्धा, तिथे तुम्हाला एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य दिलं जातं, फिल्म ४ ते ७ मिनिटांची, आणि वेळ चुकली की बक्षिसांच्या शर्यतीतून बाहेर, मग ती कितीही सुंदर असो. नियमांची प्रिंट काढा नाहीतर फोनमध्ये स्क्रीनशॉट ठेवा, पण शूटच्या दिवशी जवळ असू द्या.

मग आवाज. इथे मी जरा जास्त वेळ बोलणारे, माफ करा, पण इथेच सगळे मार खातात.

मूळ गोष्ट एकच, माईक तोंडाच्या जवळ पाहिजे. कॅमेरा लांब असला तरी चालतो, माईक नाही. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. फोन तुमच्यापासून २ मीटरवर उभा आहे आणि त्याच्याच माईकवर तुम्ही रेकॉर्ड करताय, त्याऐवजी माईक २५ सेंटिमीटरवर आणला तर अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणजे १८ डेसिबलचा फरक, आणि पंख्याचा, रस्त्याचा आवाज मात्र जिथल्या तिथे राहिला. हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर नंतर घालून देत नाही. छोटा कॉलर माईक असेल तर उत्तम, तो छातीवर, हनुवटीपासून वीतभर खाली लावा, आणि कपड्याला घासत नाही ना ते माणसाला हात हलवायला लावून ऐका. कॉलर माईक नसेल तर दुसरा फोन घ्या, त्यात रेकॉर्डर चालू करून शर्टाच्या खिशात ठेवा किंवा फ्रेमच्या जरा बाहेर, टेबलावर पुस्तकाच्या आड, आणि शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. एडिट करताना टाळीचं टोक आणि हात जुळल्याची फ्रेम एकावर एक आणली की झालं सिंक. जुनी पद्धत आहे, अजूनही चालते. टेक फार लांबवू नका मात्र, दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं हळूहळू सरकतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे झालेले दिसायला लागतात.

लेव्हल बघायची सवय लावा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर (तिथे शून्य ही वरची हद्द) बोलण्याचे सगळ्यात मोठे ठोके उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कोणी ओरडलं तर वर जायला जागा राहते. शून्याला टेकलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कधीच नीट शिवला जात नाही. हळू आलेला आवाज निदान वाढवता तरी येतो. सेटिंग विचारलं तर ४८ किलोहर्ट्झ निवडा, व्हिडिओसाठी तेच चालतं.

आणि हेडफोन लावून ऐका. प्रत्येक शॉटनंतर. मला माहितीये कंटाळा येतो, लोक खोळंबलेले असतात, पण आपले कान लबाड असतात, खोलीत उभं असताना फ्रीजची घूं-घूं आपल्याला ऐकू येत नाही आणि रेकॉर्डिंगमध्ये तीच पहिल्यांदा ऐकू येते. फ्रीज, पंखा, एसी, पाण्याचा पंप, सगळं बंद. साऊंडवाल्या लोकांची एक मजेशीर युक्ती आहे, फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली त्याच्यातच ठेवायची, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. हसू नका, मी एकदा विसरलोय आणि दुसऱ्याच्या घरचं सगळं खराब झालं.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तो घुमणारा आवाज नंतर काढणं तर घरघर काढण्यापेक्षा अवघड. म्हणून खोली निवडताना गादी, पडदे, सोफा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलेली निवडा, आणि कमी पडलं तर फ्रेमच्या बाहेर जाडजूड चादरी टांगा. बाहेर शूट असेल तर वारा हा वेगळाच शत्रू, माईकवरचं साधं फोम हलक्या झुळकेपुरतं असतं, वाऱ्याला ते केसाळ कव्हर लागतं. ते नसेल तर भिंतीच्या आडोशाला या. शेवटी, निघायच्या आधी सगळ्यांना गप्प करून ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मध्ये खड्डा पडला की ती तिथे भरायला लागते.

आजकाल लोक म्हणतात एआयने नॉईज काढता येतो की. येतो, थोडासा. जास्त ओढला की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो आणि शब्दांची शेवटची अक्षरं गळतात, मला तर त्यापेक्षा थोडी घरघर परवडली.

संगीत बोलण्याच्या खाली घालायचं असेल तर बोलण्यापेक्षा १५-२० डेसिबल खाली ठेवा, तुम्हाला कमी वाटलं तरी. तुम्हाला संवाद पाठ आहेत म्हणून ते ऐकू येतात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नाही. एकूण आवाजाची पातळी टीव्हीसाठी युरोपात उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) धरतात, ऑनलाईन जरा मोठा चालतो, यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचं खाली ओढतं. उणे १४ ते १६ च्या दरम्यान ठेवलात तर परीक्षकाला मागच्या एन्ट्रीवरून तुमच्यावर येताना आवाजाचं बटण शोधावं लागत नाही. हे मीटर बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असतं, फुकटवाल्यांमध्येही.

उजेडाचं त्यामानाने सोपं आहे. खिडकी पाठीमागे घेऊ नका, कॅमेरा खिडकीच्या प्रकाशाशी जुळवून घेतो आणि तोंड काळं पडतं. माणसाला खिडकीकडे थोडं तिरकं बसवा, एका गालावर उजेड, दुसऱ्या गालावर हलकी सावली, आणि सावली फारच गडद झाली तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा पांढरी चादर धरा. खिडकीचा उजेड घेतला की घरातला पिवळा दिवा बंद करा. दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), पिवळा बल्ब २७०० ते ३२०० च्या आसपास, दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक बाजू निळी आणि एक बाजू काविळ झाल्यासारखी, आणि एडिटमध्ये एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. भर दुपारी उघड्यावर शूट नको, डोळ्यांच्या खोबणीत काळे डाग पडतात, सावलीत या. आणि अंधाराच्या सीनलाही उजेड लागतो, हे पटायला मला स्वतःला बराच वेळ लागला. फोनला उजेड कमी पडला की तो चित्रात दाणे घालतो, ते दाणे पुढे फाईल दाबताना ठोकळे होतात, आणि परीक्षकाला दिसतो एक राखाडी चिखल. उजेड टाका, मग एडिटमध्ये काळोख करा.

दिव्यांचा लुकलुकाट झाला तर घाबरू नका, कारण साधं आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, तेव्हा शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते) सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग ठेवा, जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे ६० वा किंवा १२० वा. फोनच्या साध्या ॲपमध्ये शटर हाताने बदलता येत नसेल तर तसं बदलता येणारं कॅमेरा ॲप घ्या. काही स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, तो दिवा बदला.

कॅमेऱ्याचं पटकन सांगतो. लेन्स पुसा, खरंच, अर्धी धूसर फुटेज बोटांच्या तेलाची असतात. मागचा कॅमेरा वापरा. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चित्र उजळतं-मावळतं. फोन कशावर तरी टेकवा, ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांची चळत चालते, हाताने धरलाच तर कोपरं पोटाला चिकटवा. २४, २५, ३० यातला एक फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ठरवा आणि सगळ्या फोनवर तोच. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सेटिंग) बंद करा, आयफोन १२ पासून ते आपोआप चालू असायची शक्यता असते आणि एडिटिंगच्या साध्या टाईमलाईनवर टाकलं की रंग एकतर फिके पडतात नाहीतर भाजल्यासारखे दिसतात. अजून एक, फोन फ्रेम रेट थोडा कमी-जास्त करत राहतात, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये आवाज पुढे-मागे व्हायला लागतो, तसं झालं तर एडिटच्या आधी हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या.

एडिटमध्ये माझी एकच चिडचिड आहे, सुरुवातीचा लोगो. आठ सेकंद फिरणारं नाव, त्यावर ढोल, मग टीमची नावं, मग काळा पडदा, मग सकाळचं आकाश. त्या दिवशी लोगो दिसला की आमचा हात आपोआप पुढे ढकलायच्या बटणावर जायचा, आणि पुढे ढकलताना कधीकधी गोष्टीचा पहिला महत्त्वाचा क्षणही ढकलला जायचा, आता यात चूक कोणाची. माणसाने सुरू करा, नाहीतर आवाजाने, नावं शेवटी. आणि एडिट झाल्यावर एक दिवस न बघता ठेवा, मग ज्याला गोष्ट माहीत नाही अशा कोणाला तरी दाखवा, काही न सांगता, आणि त्याचा चेहरा बघा. फोनकडे हात गेला तिथे कात्री.

मराठीत टायटल किंवा सबटायटल टाकणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगतो कारण हे इंग्रजी ट्युटोरियलवाले कोणी सांगत नाहीत. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी फुटते, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, जोडाक्षर सुटून मध्ये हलंत दिसतो, "शक्ती" चं "शक्‌ती" होतं. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्टच्या सेटिंगमध्ये साऊथ एशियन असा पर्याय शोधून चालू करा, आणि युनिकोड फॉन्टच वापरा. तरीही फुटलं तर अक्षरं दुसरीकडे लिहून पारदर्शक पीएनजी चित्र करून आणा, कटकट आहे पण हमखास. अक्षरं कडेला चिकटवू नका, एका वेळी दोनच ओळी, आणि पांढऱ्या अक्षरांना मागे हलकी काळी सावली. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. पडद्यावर हातभर मोठी चूक दिसली की माणूस पुढचा सीन बघतच नाही, चूकच बघत बसतो.

संगीताचे हक्क हा क्वालिटीचा भाग नाही असं वाटेल, पण दावा आला की व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो किंवा व्हिडिओच अडकतो, मग कसली क्वालिटी. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत (मालकाने काही अटींवर वापरू दिलेलं) घेताना लायसन्सच्या नावातली अक्षरं वाचा. "एनडी" (बदल नको) असेल तर ते व्हिडिओला लावताच येत नाही, कारण गाणं चित्राशी जुळवणं हाच त्या लायसन्समध्ये बदल धरला जातो. "एनसी" (धंद्यासाठी नको) असेल आणि स्पर्धा एखाद्या कंपनीच्या प्रचारासाठी असेल तर लांबच राहा. "बीवाय" असेल तर नाव द्या, शेवटच्या पाटीवर, वाचता येईल एवढा वेळ.

आता शेवटची फाईल, जिथे सगळ्यावर पाणी पडतं. महिनाभर राबून केलेला व्हिडिओ लोक एडिट झाल्यावर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतात, तिथून डाऊनलोड करतात आणि तोच सबमिट करतात. ती फाईल दाबून चपटी झालेली असते, केसांचे ठोकळे, आकाशात पायऱ्या. केबलने घ्या, ड्राईव्हवरून घ्या, चॅटमध्येच पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक्स्पोर्ट करताना एमपी४, एच२६४, आणि १०८०पी ला ३० फ्रेमपर्यंत यूट्यूबची स्वतःची शिफारस ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) आहे, म्हणजे मिनिटाला साधारण ६० एमबी. तुमची तीन मिनिटांची फाईल २० एमबीची झाली असेल तर काहीतरी गंडलंय. वरची मर्यादा नियमात दिलेली नसेल तर मी दुप्पटच ठेवतो, कारण ते लोक पुढे अजून एकदा दाबणार असतात.

ती फाईल, म्हणजे टाईमलाईन नाही, एक्स्पोर्ट झालेली फाईल, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत बघा. एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा लॅपटॉपवर खोलीत थोडी वर्दळ असताना, कारण परीक्षक कशावर बघणार तुम्हाला माहीत नसतं. यूट्यूबची लिंक द्यायची असेल तर निदान एक दिवस आधी अपलोड करा, तिथे आधी कमी रिझोल्यूशन तयार होतं आणि एचडी, फोरके मागाहून येतं, शेवटच्या अर्ध्या तासात टाकलेला व्हिडिओ परीक्षकाने लगेच उघडला तर तो धुरकटच दिसणार.

आणि लिंक स्वतः तपासा, इनकॉग्निटो विंडोमध्ये, लॉगिन न करता. तुमच्या फोनवर ती उघडणारच हो, मालक तुम्हीच. आमच्या त्या चाळणीत काही लिंकांवर नुसतं "परवानगी मागा" असं आलं होतं. आम्ही मागितली. एकाने दिली, अगदी नम्रपणे, सोबत सॉरीही लिहिलं होतं, निकाल लागून चार दिवस झाल्यावर.